मदत हवी आहे: कातडी अतिशय गोरी आणि नाजूक, काम दिवसभर समुद्रावर, उन्हाचं काय करू?

मांद्र्याची_सून:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर गोव्यातलं डिचोली, लग्न होऊन मांद्र्याला आले त्याला दोन वर्षं झाली. सासरचा किनाऱ्यावर शॅक (खाण्यापिण्याची झोपडी) आहे, ऑक्टोबर ते मे मी तिथेच असते. आजीवर गेलेय, घारे डोळे आणि कातडी इतकी गोरी की हातावरच्या शिरा दिसतात. पंधरा-वीस मिनिटं उन्हात राहिले की पिकल्या भिरंडासारखी (कोकमासारखी) लाल होते, मग दोन रात्री पाठ टेकवत नाही, मग साल निघते आणि खाली परत तीच पांढरी कातडी, वर चार ठिपके जास्त. काळवंडायचं नाव नाही.

जाऊबाई म्हणाल्या की रोज सकाळी थोडं थोडं ऊन घे, एकदा टॅन झालीस की भाजणार नाहीस, आपल्याकडे येणारे परदेशी पाहुणेपण असंच करतात. मी आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी खांद्यांवर ब्लाउजची शिवण टेकवता येईना.

सनस्क्रीन एसपीएफ ५० चं आणलंय, सकाळी घरातून निघताना लावते, तरी दुपारपर्यंत भाजतेच. घामाबरोबर डोळ्यात उतरून चुरचुरतं ते वेगळंच.

आणि आता नवीनच. गेल्या रविवारी शॅकवर खूप गर्दी होती, हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) सीझन, दुपारभर बाहेरच्या टेबलावर मी लिंबंच कापत आणि पिळत होते. तेव्हा काहीच झालं नाही, दोन दिवसांनी उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड आले आणि तिथून मनगटापर्यंत तपकिरी पट्टे, अगदी काहीतरी ओघळल्यासारखे. सगळे म्हणतात सनस्क्रीनची अ‍ॅलर्जी, म्हणून लावणंच बंद केलंय. शॅक सोडून घरी बसणं शक्य नाही हो, सीझनचीच कमाई असते. खरंच कोणाला माहीत असेल तर सांगा.

भिरंड:

ताई, ओघळल्यासारखे लिहिलंत तिथेच मला कळलं. ते सनस्क्रीन नाही, लिंबू आहे! लिंबाच्या रसात, सालीत तर जास्तच, एक द्रव्य असतं, ते कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं, लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. गोऱ्या-काळ्या कोणालाही होतं. माझ्या भावाला झालं होतं, त्याच्या दंडावर चक्क बोटांचे ठसे उमटले होते कारण लिंबू पिळलेल्या हाताने बायकोने त्याला धरलं होतं. फोड फोडू नका, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, डाग जायला काही आठवडे किंवा महिनेही लागतात पण जातात. तोवर ती जागा उन्हात उघडी ठेवू नका नाहीतर अजून गडद होईल. आणि लिंबं आत सावलीत कापा, बाहेर यायच्या आधी साबणाने हात धुवा, नुसतं फडक्याला पुसून चालत नाही.

साखळीकार_७:

+१. टॅन घालवायला लिंबू आणि बेसन लावा म्हणणारे पण येतील आता, प्लीज लावू नका.

नारळाचं_दूध:

आमच्याकडे खोबरेल लावून जातात समुद्रावर, काही होत नाही.

औषधवाली_फोंडा:

खोबरेलाने ऊन अडत नाही, निदान हिच्यासारख्या कातडीला तरी त्याच्या भरवशावर सोडू नका.

ताई, मी फार्मसीत असते, रोज हेच सांगते म्हणून लांब लिहितेय. टॅन म्हणजे आत इजा झाली म्हणून कातडीने केलेली धडपड. ज्यांची कातडी काळवंडते त्यांनासुद्धा त्यातून जेमतेम एसपीएफ ३-४ एवढंच संरक्षण मिळतं, आणि तुमची तर काळवंडतच नाही, नुसती भाजते. डॉक्टर लोक कातडीचे अगदी गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा प्रकार मानतात, तुम्ही पहिल्या-दुसऱ्यात. तुम्हाला सवय होणार नाही, नुसतं नुकसान साठत जाईल, तेव्हा जाऊबाईंना प्रेमाने सांगा आणि ते सकाळचं ऊन आजच थांबवा.

एसपीएफ ५० लावूनही भाजतं कारण कमी लावता आणि एकदाच लावता. ट्यूबवरचा आकडा जाड थर लावून काढलेला असतो. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ येईल एवढं हवं, कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका, आणि दर दोन तासांनी परत, घाम पुसला की परत. अख्ख्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं म्हणजे ५० मिलीची ट्यूब एक दिवससुद्धा पुरायची नाही, हे कोणाला परवडणार! म्हणून अंग कपड्याने झाका, पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सुती शर्ट, चहूबाजूंनी रुंद काठाची टोपी, आणि सनस्क्रीन फक्त उरलेल्या जागी. डोळ्यात जाऊन चुरचुरतं तर झिंक ऑक्साइडवालं, बिनवासाचं घ्या, थोडं पांढरट दिसेल.

छत्रीखाली बसलात तरी वाळूवरून आणि लाटांच्या फेसावरून ऊन उलटून येतं. घड्याळ नको, सावली बघा, आपल्यापेक्षा लहान पडली की आत. मे सुरू होतो तेव्हा भर दुपारी आपल्याकडे सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. ढग आले म्हणून शर्ट काढू नका.

एक विचारायचं राहिलं, कुठली गोळी चालू आहे का?

मांद्र्याची_सून:

बापरे, लिंबू! आणि हो, पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू आहे दीड महिना. त्याचा काही संबंध?

औषधवाली_फोंडा:

आहे तर! त्या गोळीने ऊन जास्त भाजतं, गोऱ्या कातडीला तर अजूनच. मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना उद्याच सांगा की मी दिवसभर समुद्रावर असते, ते बदलून देतील. फोड चिघळले किंवा ताप आला तर थांबू नका. आणि ते ठिपके एकदा बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात स्किनच्या ओपीडीत दाखवून घ्या, एखादा वाढत असेल, आकार किंवा रंग बदलत असेल तर तो आधी.

मांद्र्याची_सून:

गोळीचं कोणी सांगितलंच नव्हतं, पाकिटावरचं मी वाचलं नाही. आत्ताच नवऱ्याला दाखवलं सगळं, तो लिंबाची टोपली उचलून आतल्या ओट्यावर ठेवून आलाय. डॉक्टरांकडे सकाळी जाते, काय म्हणतात ते इथेच लिहीन. भिरंडताई, डागांवर सनस्क्रीन लावलं तर चालेल ना, की फोड सुकेपर्यंत नुसतं कापड बांधू?

भिरंड:

फोड ओले आहेत तोवर कापडच, सैल बांधा. सुकले की मग लावा.