मदत हवी आहे: पणजीत एलईडी स्क्रीनवर स्वतःचं ॲनिमेशन लावायचंय

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, मोशन डिझाइन करतो. शिगम्यातल्या घोडेमोडणी या लोकनृत्यावर १५ सेकंदांचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारं ॲनिमेशन) केलाय, कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, आणि प्रत्येक उडीला झालरीचे रंग सुटून ठिपके होतात, आवाज नसला तरी ढोलाचा ठेका कळावा म्हणून खूप राबलोय. हे रस्त्यावरच्या लोकांनी बघावं असं फार वाटतं. स्क्रीनवर जाहिराती लावणाऱ्या एका एजन्सीला विचारलं तर महिन्याचंच पॅकेज सांगितलं, परवडत नाही हो. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला रोज रात्री ११:५७ ते १२ जाहिरातींच्या जागी कलाकारांचं काम दाखवतात, तसं तीन मिनिटं इथे मिळतील का? परवानगी महापालिकेची लागते की स्क्रीनवाल्याची पुरते? लांबून बारीक रेषा दिसत नाहीत म्हणून त्या जाड केल्यात, पण फाइल कुठल्या साइझची द्यायची? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.