प्रोपेनवरून नॅचरल गॅस: पाऊण इंची पाइप बदलावा का?

मंडळी, न्यू जर्सीतलं घर प्रोपेनवरून नॅचरल गॅसवर न्यायचं आहे. अडचण पाइपची आहे, जाणकारांची मदत हवी.

फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) 80,000 बीटीयू (उष्णतेचं एकक), शेगडी 60,000, वॉटर हीटर 40,000, ड्रायर 22,000. एकूण ताशी 2,02,000. सर्वांत लांबचं उपकरण 60 फुटांवर. मुख्य पाइप पाऊण इंची, काळा लोखंडी. 11 इंच दाबाच्या (दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) प्रोपेनसाठी पाइपच्या मापांचा तक्ता त्याला ताशी सुमारे 2,31,000 बीटीयू देतो, म्हणून आजवर निभावलं. पण प्रोपेनच्या घनफुटात 2,500 बीटीयू, नॅचरल गॅसमध्ये जेमतेम 1,030. पाइपात अर्धा इंच दाबघट धरली तर तोच पाइप ताशी 137 घनफूट देतो, लागतात 196. थंडीत सगळं एकदम चाललं की दाब पडणार.

एक इंची पाइप (257 घनफूट) टाकायचा तर तळघराचं छत उघडावं लागेल. त्यापेक्षा कंपनीकडून 2 पीएसआय, म्हणजे बऱ्याच जास्त दाबाचा गॅस घेऊन आत दाब उतरवणारे रेग्युलेटर बसवणं बरं का? त्या रेग्युलेटरांच्या व्हेंटचं (हवा-गॅस सोडणाऱ्या तोंडाचं) काय करता?

फर्नेसला उत्पादकाचंच किट येईल: मोठ्या भोकाचे ऑरिफिस (बर्नरला गॅस सोडणारी तोंडं), रेग्युलेटरची स्प्रिंग, मग मॅनोमीटर (दाबमापक) लावून मॅनिफोल्डचा (बर्नरना गॅस वाटणाऱ्या नळीचा) दाब 3.5 इंच. शेगडी, ड्रायरचंही तसंच, काम परवानाधारकाकडूनच. नुसता गॅस बदलून प्रोपेनचे बारीक ऑरिफिस ठेवले तर ज्योत मरतुकडी राहते. टाकीवाल्या वॉटर हीटरला मात्र बरेच उत्पादक असा बदल करूच देत नाहीत. तो सरळ नवा घ्यावा, की कुणाला अधिकृत किट मिळालं आहे?