फळं-भाज्या वाढवायच्या आहेत. वेळ १५ मिनिटं, नवीन यंत्र नको. सल्ला द्या

उशिरा_उठणारा
मंडळी, वय ४३. रक्तदाब तीनदा मोजला, वरचा आकडा दरवेळी १३६ ते १३८. डॉक्टर म्हणाले गोळी इतक्यात नको. मीठ कमी करा, चाला आणि फळं-भाज्या भरपूर खा. भरपूर म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं. सध्या जेवणात दोन चमचे भाजी, आणि फळ कुणी कापून हातात दिलं तरच. अटी दोन: रोज १५ मिनिटांच्या वर वेळ नाही, ओट्यावर नव्या यंत्राला जागा नाही. कच्चं फारसं उतरत नाही घशाखाली. बाकी तपासण्या ठीक, दुसरं औषध चालू नाही.

रसरशीत
स्लो ज्यूसर घ्या, डोळे झाकून. गाजर, बीट, सफरचंद, पालक सगळं आत ढकला, तीन मिनिटांत ग्लास तयार. किंमत बघू नका, तब्येतीपुढे पैसा काय!

उशिरा_उठणारा
यंत्र नको असं लिहिलंय हो वर.

रसरशीत
उभा असतो तो. फार जागा खात नाही.

चोथा_कुठाय
ग्लास तीन मिनिटांत, जाळी घासायला वीस. ती कोण धरणार हिशेबात? शिवाय बहुतेक तंतू चोथ्यात राहतात आणि चोथा जातो कचऱ्यात. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर सरबतातल्या साखरेच्या खात्यात टाकते, अख्ख्या फळातली टाकत नाही. तीन संत्री सोलून खायला बसा, दुसऱ्यालाच थांबाल. रस मात्र एका दमात संपतो.
आणि "भरपूर"चं उत्तर: दिवसाला किमान ४०० ग्रॅम. ८० ग्रॅमचा एक असे ५ वाटे करा. बटाटा, रताळं त्यात धरायचं नाही.

बटाटेशाही
बटाटा भाजी नाही?? हे कोणी ठरवलं? पोटॅशियम ठासून भरलेलं असतं त्यात. आणि तसं बघाल तर टोमॅटो फळ आहे!

चोथा_कुठाय
वांगं, काकडी आणि भोपळाही फळंच, वनस्पतिशास्त्रात. बटाटा तर खोड. पण इथे प्रश्न पिष्टाचा आहे, म्हणून तो धान्यांच्या पंगतीत बसतो.

बटाटेशाही
अन्याय आहे.

कुंडीवाली
मी सहा वर्षांत पालक विकत आणलेला नाही. १४ कुंड्या आहेत. तोडला की दहा मिनिटांत पातेल्यात. फोटो टाकते नंतर. तुम्हीही लावा, मन रमतं.

उशिरा_उठणारा
ताई, सुरेख. पण माझ्याकडे मनीप्लांटही टिकत नाही.

कच्चंच_खा
शिजवलं की सगळं मरतं. माझे आजोबा आयुष्यभर कच्चं खाऊन ९१ वर्षं जगले.

पिवळा_हात
कच्च्याचा माझा अनुभव ऐका. रोज पाऊण किलो गाजर, दोन महिने. तळहात पिवळे, तळपाय पिवळे. घरच्यांनी कावीळ ठरवून टाकली, ऑफिसात शेजारची खुर्ची रिकामी. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली: डोळे पांढरेशुभ्र. कावीळ असती तर ते पिवळे झाले असते. गाजरातलं बीटा-कॅरोटिन, म्हणजे केशरी रंगद्रव्य, कातडीत साठलं होतं, इतकंच. गाजर सोडल्यावर काही आठवड्यांत रंग उतरला. नाव तेवढं चिकटलं.

मंद_आच
@कच्चंच_खा, अर्धं खरं. भाजी उकळून पाणी फेकलं तर क जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर जातं. पण गाजरातलं कॅरोटिन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्लं तर उलट जास्त शोषलं जातं. धागाकर्त्याला कच्चं नको असेल तर बिघडलं कुठे? झाकण ठेवून वाफवा.

घाईत_आहे
मग कॅरोटिनची गोळीच घेऊ की, सोलणं नको चिरणं नको.

मंद_आच
फिनलंडमध्ये २९,००० वर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना कर्करोग टळेल या आशेने अशाच गोळ्या देऊन पाहिल्या. निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा तर वाढलेला निघाला. गाजर म्हणजे नुसतं कॅरोटिन नव्हे.

हळूच_सांगते
धागाकर्त्यांना लागू नाही, पण वाचणाऱ्यांसाठी. वडिलांना रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिन चालू आहे. असाच कुठलासा सल्ला वाचून त्यांनी रोज वाडगाभर पालेभाजी सुरू केली. महिन्याच्या तपासणीत आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) घसरलेला, डोस नव्याने बसवावा लागला. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं ('क' नव्हे, 'के'), ते या औषधाच्या उलट काम करतं. पालेभाजी बंद नाही करायची, रोज साधारण सारखी खायची. मूत्रपिंड अधू असलेल्यांनीही पोटॅशियमबद्दल आधी विचारावं. आम्ही विचारलं नव्हतं.

चोथा_कुठाय
वरच्या प्रतिसादाला +१.

आकडेमोड
रक्तदाबासाठी धागा काढलाय आणि रक्तदाबावर कुणी बोलेना. १९९७ च्या डॅश प्रयोगात (आहाराने रक्तदाब किती उतरतो ते पाहणारा), मीठ तेवढंच ठेवून, फक्त फळं-भाज्या वाढवलेल्या गटाचा वरचा आकडा तुलनेच्या गटापेक्षा सरासरी २.८ ने जास्त उतरला. त्यासोबत कमी स्निग्धांशाचे दुधाचे पदार्थ आणि एकूणच कमी चरबी, असा आहार घेतलेल्यांचा ५.५ ने. म्हणजे फायदा आहे, जादू नाही. नुसती केळी खाऊन १३८ चे ११८ होणार नाहीत, मीठ आणि चालणं सोडू नका.

उशिरा_उठणारा
काल जोशात येऊन एकदम ४०० ग्रॅम केलं. पानकोबी, वाटाणा, घेवडा, दोन सफरचंदं. रात्रभर पोटात नगारे.

पिवळा_हात
हाहा. घरातल्यांचे हाल!

मंद_आच
अहो, एका दिवसात नाही! आतड्यांना सवय नाही तंतूंची. आठवड्याला एकेक वाटा वाढवा, पाणी वाढवा. गोठवलेला वाटाणा-गाजर आणा, पोषणात ताज्याच्या जवळपास असतं आणि निवडणं वाचतं. फक्त रोज तेच नको, रंग बदलत राहा.

कुंडीवाली
हो, रंग महत्त्वाचे. इंद्रधनुष्य ताटात!

आकडेमोड
वैविध्य हवंच. +१

उशिरा_उठणारा
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: गोठवलेला वाटाणा आणि गाजर, रात्री वाफवून मोठी वाटीभर. चार वाजता बिस्किटाऐवजी केळं. रोज हेच. इंद्रधनुष्य नाही. सकाळी काय खायचं याचा विचार करावा लागला की मी काहीच खात नाही, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत आहे. हे अंगवळणी पडलं की पुढच्या महिन्यात एक संत्रं वाढवेन.

मंद_आच
तीनच पदार्थ? मग एवढे प्रतिसाद कशाला घेतले?

कच्चंच_खा
गाजर निदान कच्चं तरी खा.

रसरशीत
ज्यूसरचा विचार बदलला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझाच द्यायचा आहे. जाळी अगदी नव्यासारखी.