१६-बिट टिफ, पण स्क्रिप्ट चालवली की आकाशात पट्टे

धूसरकडा

गिम्प २.१० या फोटो-संपादन सॉफ्टवेअरसाठी पायथन-फूची (गिम्पमधली पायथन स्क्रिप्टिंगची सोय) छोटी स्क्रिप्ट आहे. १६-बिट टिफ (प्रत्येक रंग-चॅनेलला १६ बिट असलेली चित्रफाइल) उघडायची, लेयरचा पिक्सेल रीजन (पिक्सेल वाचण्या-लिहिण्याचा जुना मार्ग) घ्यायचा, प्रत्येक व्हॅल्यूला कॉन्ट्रास्टचा एस-कर्व्ह (मध्याखालचं गडद, वरचं उजळ करणारा वक्र) लावायचा, परत लिहायचं, टिफ म्हणून सेव्ह. फाइल १६-बिटच राहते, 'प्रिसिजन' मेनूतही १६-बिट इंटीजर दिसतं. तरी निळ्या आकाशात ठळक पट्टे पडतात आणि हिस्टोग्राम (कोणत्या पातळीचे किती पिक्सेल, याचा आलेख) कंगव्यासारखा दातेरी होतो. तोच कर्व्ह हाताने, कर्व्ह्स टूलमधून लावला तर काही होत नाही. गणित फ्लोटमध्येच चाललंय. ड्रॉएबलचा (म्हणजे त्या लेयरचा) 'बीपीपी', दर पिक्सेल किती बाइट तो आकडा, प्रिंट केला तर ३ येतो. बिट नेमके कुठे गळतात?

पिक्सेलपारखी

तुमच्या त्या ३ मध्येच सगळं आलं. तीन चॅनेल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे दर पिक्सेल ६ बाइट हवेत. ३ आले याचा अर्थ गिम्प तुमच्या हातात ८-बिट डेटा देतोय.

२.१० आतून गेगल या इमेज-प्रोसेसिंग इंजिनवर चालतं आणि हाय बिट डेप्थ नीट सांभाळतं. पण जुने प्लगइन मोडू नयेत म्हणून, 'मला खरी प्रिसिजन चालते' असं जो प्लगइन सांगत नाही त्याला प्रत्येक लेयर ८-बिट करूनच दाखवला जातो. तुम्ही वाचता तेव्हाच २५६ पातळ्या उरतात. त्यानंतर फ्लोटमध्ये कितीही काळजीने हिशोब केला तरी गेलेलं परत येत नाही. लिहिताना त्याच पातळ्या ताणून १६-बिटच्या डब्यात बसवल्या जातात, त्यामुळे मेनू खरंच सांगतो, पण डब्यात माल ८-बिटचा.

खात्री करायची तर आउटपुटच्या एका चॅनेलच्या व्हॅल्यूंना २५७ ने भागून बाकी बघा. सगळीकडे शून्य आली तर ८-बिटवर शिक्कामोर्तब, कारण २५५ × २५७ = ६५५३५.

२.१० मध्येच राहायचं असेल तर पिक्सेलना हात लावू नका. पीडीबीतली (गिम्पच्या तयार प्रोसीजरांची यादी) गिम्प-ड्रॉएबल-कर्व्ह्स-स्प्लाइन ही प्रोसीजर बोलवा. ती गेगलमधून पूर्ण प्रिसिजनवर चालते. तिचे बिंदू ०.० ते १.० मध्ये द्यायचे, आणि संख्येच्या जागी बिंदूंची नव्हे, आकड्यांची संख्या: तीन बिंदू असतील तर ६. नावात 'ड्रॉएबल' नसलेली जुनी गिम्प-कर्व्ह्स-स्प्लाइन ० ते २५५ घेते. ती टाळाच, दोघींची नावं इतकी सारखी आहेत की घोळ होतोच.

तळटीप_१६

कर्व्ह किंवा लेव्हल्सवर भागत असेल तर वरचं पुरेसं आहे. स्वतःचं सूत्रच चालवायचं असेल तर ३.० वर जा. तिथे जुना पिक्सेल रीजन काढूनच टाकलाय, त्यामुळे ही चूक करायला वावच नाही. लेयरकडून गेट-बफर (मूळ डेटा) आणि गेट-शॅडो-बफर (निकाल ठेवायची तात्पुरती प्रत) घ्या, मूळ बफरमधून 'आरजीबीए फ्लोट' फॉरमॅटमध्ये वाचा, निकाल शॅडोत लिहा, मग शॅडो फ्लश, मर्ज-शॅडो, अपडेट, या क्रमाने. अपडेट विसरलात तर स्क्रीनवर जुनंच चित्र दिसत राहतं आणि माणूस भलतीकडेच बग शोधत बसतो.

बफरमधून कच्चे बाइट येतात. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या फ्रॉम-बफरने त्यांचा ॲरे केला तर तो फक्त वाचण्यापुरता असतो, म्हणून आधी कॉपी. आकार देताना आधी उंची, मग रुंदी, मग ४ (चॅनेल).

मेमरीचाही विचार करा. ६००० × ४००० च्या फोटोला चार फ्लोट चॅनेलने ३८४ एमबी लागतात, आणि सूत्रातली प्रत्येक मधली पायरी तेवढीच जागा पुन्हा मागते. २५६ ओळींचे तुकडे घेतले तर एक तुकडा साधारण २५ एमबीत बसतो.

इंटीजरमध्येच बेरीज करणार असाल तर सांभाळून. १६-बिट ॲरेत ६०००० मध्ये १०००० मिळवले की ७०००० नव्हे, ४४६४ येतात. चकचकीत ढगात अचानक काळे ठिपके दिसले तर आधी हेच तपासा.

धूसरकडा

३.० वर पट्टे गेले, बाकी शून्य येणंही थांबलं. पण आता तोच एस-कर्व्ह लावल्यावर फोटो खूप काळवंडतो. सूत्रात काहीच बदल नाही, मध्यबिंदू ०.५ च आहे.

पिक्सेलपारखी

कारण 'आरजीबीए फ्लोट' म्हणजे लिनिअर प्रकाश, म्हणजे डोळ्यासाठीची गॅमा-दुरुस्ती न केलेले, प्रकाशाच्या प्रमाणातले आकडे. डोळ्याला मधला वाटणारा करडा, म्हणजे गॅमा लावलेला ०.५, लिनिअरमध्ये सुमारे ०.२१४ असतो. तुमचा कर्व्ह ०.५ च्या खालचं सगळं खाली दाबतो, म्हणून चेहरे, झाडं, जमीन सगळंच त्या दाबाखाली येतं.

फॉरमॅटच्या नावात आर, जी आणि बी या तिन्ही अक्षरांनंतर एकेक एकेरी अवतरणचिन्ह टाका, 'ए' ला नाही. तेवढ्याने गॅमासहित व्हॅल्यू मिळतात आणि ०.५ पुन्हा जागेवर येतो. वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे तेच नाव हवं. कॉन्ट्रास्टसाठी हेच योग्य. ब्लर, रिसाइझ, एक्स्पोजर मात्र लिनिअरमध्येच करावं, नाहीतर उजेड-अंधाराच्या कडांवर काळपट किनार येते.

आणि सवयीने ० ते १ मध्ये क्लिप करू नका, म्हणजे बाहेरचे आकडे छाटू नका. ईएक्सआरसारख्या (फ्लोट आकडे साठवणाऱ्या) फाइलमध्ये १.० च्या वरचे आकडे हा खरा हायलाइट असतो.

रंगपट्टी

फोटोशॉपसाठी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथलं १६-बिट ० ते ६५५३५ नसून ० ते ३२७६८ असतं. यूएक्सपी या फोटोशॉपच्या प्लगइन-व्यवस्थेच्या इमेजिंग एपीआयमधून गेट-पिक्सेल्सने डेटा घेऊन ६५५३५ ने भागला की शुद्ध पांढरा ०.५ वर येतो. एकतर ३२७६८ ने भागा, नाहीतर गेट-डेटाला फुल-रेंज 'ट्रू' द्या. लिहिणं एक्झिक्युट-ॲज-मोडलच्या आतच होतं, आणि काम झाल्यावर इमेज-डेटावर डिस्पोज बोलवा, नाहीतर बॅचमध्ये मेमरी फुगत जाते. स्क्रिप्टला मिळणारा हिस्टोग्राम १६-बिट फाइललाही २५६ खान्यांचाच असतो, त्यावरून बिट डेप्थ ठरवू नका.

वरची २५७ ची चाचणी उत्तम आहे, पण फाइल कशाने वाचता ते बघा. पिलो ही पायथनची चित्र-लायब्ररी तीन चॅनेलची १६-बिट टिफ किंवा पीएनजी मुकाट्याने ८-बिटवर आणते. ओपनसीव्ही ही दुसरी लायब्ररीसुद्धा आयएमरीड-अनचेंज्डचा फ्लॅग दिला नाही तर तेच करते, आणि तिच्यात चॅनेल निळा, हिरवा, लाल या क्रमाने येतात. टिफसाठी टिफफाइल लायब्ररी वापरा आणि चाचणीआधी ॲरेचा डीटाइप (आकड्यांचा प्रकार) यूइंट१६ आहे का ते छापून बघा.