एमएस्सी फिजिक्स म्हणजे फक्त मास्तरकी नाही
बीएस्सीनंतर एमएस्सी फिजिक्स करू का, असं विचारणाऱ्याला इथे सल्ला मिळालाय की त्यानंतर नेट-सेट (कॉलेजात प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा) नाहीतर क्लासेस, त्यापेक्षा डेटा सायन्सला जा. नेट-सेटची रांग मोठी आहे हे मान्य, पण मेडिकल फिजिक्सचं, म्हणजे कॅन्सरच्या रेडिएशन उपचारात लागणाऱ्या फिजिक्सचं, नाव इथे कुणीच घेतलं नाही. एमएस्सी फिजिक्सनंतर मुंबईत बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) एका वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा असतो, मग कॅन्सर हॉस्पिटलात इंटर्नशिप. माझी बहीण हेच करते, सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीनचा रेडिएशन डोस मोजून बघायचा, प्रत्येकाचा उपचाराचा प्लॅन डॉक्टरांसोबत बसून तपासायचा, आणि हे सगळं बीएस्सीपासून शिकलेल्या फिजिक्सवरच चालतं हो. मात्र एमएस्सीला फिजिक्स सोडून डेटा सायन्स घेतलं की हा रस्ता बंद, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच याचा विचार कर.