टेकडीवर वाट हवी की बाग?

कुसळी (धागाकर्ती)
1997च्या हद्दवाढीत पुण्यात आलेल्या 23 गावांमधल्या सुमारे 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. शासनाने 2015 साली ते कायम केलं. नावात 'उद्यान' आलं आणि घोळ तिथूनच सुरू झाला. उद्यान म्हटलं की निविदेत पेव्हर ब्लॉक, ग्रॅनाइटचे बाक, हायमास्ट म्हणजे उंच खांबांवरचे दिवे आणि लॉन आपोआप येतं.

लोकांना टेकडीवर येऊ द्यायलाच हवं, पण त्याला वाट पुरते. वर माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. ब्लॉकवर पडलेलं पाणी मुरत नाही, कडेने धावतं. दोन पावसाळ्यांत तिथे घळ पडते, कडेचे ब्लॉक अधांतरी होतात, मग ते सावरायला सिमेंटची भिंत. मुरमाची वाट अशी काढा: रुंदी 1.2 मीटर, टेकडीला आडवी. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी. उताराच्या बाजूला 5 टक्के कल, म्हणजे 1.2 मीटरला 6 सेंटिमीटर. चढ जास्त असेल तिथे पाणी वाटेबाहेर काढायला दर 8-10 मीटरला तिरके दगड लावायचे, दोन तृतीयांश जमिनीत गाडून. नुसते वर ठेवलेले दगड पहिल्याच वळवात निघतात. आणि वाट सरळ उतारावर काढलीत तर ती वाट राहत नाही, ओढा होतो.

उंबरठा
वाट छान आहे. व्हीलचेअर कुठून न्यायची? 'सार्वजनिक' हा शब्द धडधाकट पायांपुरता नाही. मुख्य फाटकापासून निदान 300 मीटर वाट घट्ट दाबलेली, 1.5 मीटर रुंद आणि 1:20 चढाची हवी. 3 मीटर उंची गाठायला त्यात 60 मीटर लांबी जाते, म्हणून आधी जमिनीच्या पातळ्या मोजाव्या लागतात. जेसीबीवाल्याच्या नजरेवर सोडून चालत नाही. 1:12 पर्यंत गेलात तर कठडा आणि दर 9 मीटरला सपाट टप्पा. शिवाय फाटकाशी स्वच्छतागृह. ते नसलं की बायका टेकडीवर तासाभराच्या वर थांबत नाहीत, हे कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं. आणि पहाटे अंधारात चालणाऱ्यांना दिवे नकोत का?

कुसळी
300 मीटर आणि स्वच्छतागृह मान्य, माझ्याकडून राहिलंच होतं. दिवे फाटकाशी, वर नाहीत. रातवा हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, घरटंही करत नाही. तिथे रात्रभर उजेड आणि वर्दळ म्हणजे त्याला हाकललंच. फाटक उजाडल्यावर उघडा, अंधार पडायच्या आत बंद करा.

सातबारा
तुम्ही दोघं ज्या जमिनीवर दिवे लावताय-काढताय, तिचा मोठा हिस्सा खासगी आहे, हे कोणी बोलणार का? बीडीपीला मोबदला 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात शहरात दुसरीकडे तेवढं बांधायचा, विकता येणारा हक्क. एका हेक्टरला 800 चौरस मीटर. दाट वस्तीबाहेरच्या साध्या आरक्षणात जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, म्हणजे 20,000. कोण देईल ताबा? मालक देत नाही, महापालिका घेत नाही, रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात आणि पायथ्याला गुंठ्यागुंठ्याने विक्री चालते. ताबा नसलेलं आरक्षण हा नकाशावरचा हिरवा रंग आहे, बस.

कंटूर
@सातबारा, तुलना जरा सोयीची आहे. 1:5 पेक्षा जास्त उतारावर तसंही बांधता येत नाही. न बांधता येणाऱ्या जमिनीला सपाट प्लॉटचा भाव का? आणि टीडीआर वाढवला की तेवढे मजले शहरात दुसरीकडे चढतात, त्यांचं पाणी-ड्रेनेज कोण बघणार? उतार प्रत्यक्ष मोजून दोन दर ठेवा, पायथ्याच्या सपाट पट्टीला जास्त. अतिक्रमण तिथूनच वर सरकतं, तर आधी तीच ताब्यात घ्या.

सातबारा
दोन दर चालतील. पण मोजणीची हद्द आखताना मालकाला समोर उभं करा. नाहीतर दावे लागतात आणि मग वर्षानुवर्षं कोणीच काही करू शकत नाही.

हिरवाई
ताबा मिळाल्यावर तरी झाडं लावाल ना? सगळे वाटेवरच भांडताय. 3 बाय 3 मीटरवर हेक्टरी 1,111 रोपं, 60 सेंटिमीटरचे खड्डे, उताराला सलग समतल चर. 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल चरात मीटरला 180 लिटर पाणी थांबतं. उघडी टेकडी काय कामाची?

कुसळी
उघडी नाही, ते गवत आहे. पवन्या, मारवेल, कुसळी, मध्ये सालई, मेडशिंगी, गणेर ही झाडं. चर खणला की मुरमाचा ढीग खालच्या अंगाच्या गवतावर बसतो आणि त्यावर रान माजतं.

आता पाण्याचा हिशेब. 1,111 रोपांना आठवड्याला 10 लिटर म्हणजे 11,110 लिटर. डिसेंबर ते मे 26 आठवडे धरले तर 10,000 लिटरचे 29 टँकर, एका हेक्टरला, एका उन्हाळ्यात. टँकर वर चढवायला रस्ता लागतो. तोच पुढे 'अस्तित्वातील रस्ता' म्हणून नकाशात येतो.

बऱ्याच टेकड्यांवर आधी लावलेली गिरिपुष्प या परदेशी झाडाची झाडी उभी आहे, ती हिरवी दिसते म्हणून जंगल वाटते. ती काढायची तर बुंध्यापाशी तोडून भागत नाही, दुप्पट फुटते. दर पावसाळ्यात फुटवे खुडायचे, मोकळ्या जागेत देशी रोपं, तीही पायथ्याच्या खोल मातीत. माथ्यावर काही लावू नका.

हिरवाई
टँकरचा मुद्दा घेतला. पण चर नको म्हणता, तर गवत वणव्यात जातं त्याचं काय?

कंटूर
जाळरेषा. वाटेच्या दोन्ही बाजूंना 3-3 मीटर गवत 15 फेब्रुवारीच्या आत कापून उचलायचं. उचलायचं हे महत्त्वाचं. कापून तिथेच टाकलेलं गवत काडी पडली की उभ्या गवतापेक्षा बरं पेटतं. कुसळी वाळायच्या आत कापलीत तर गुरांच्या उपयोगाची. गोठेवाले स्वतः येऊन नेतात.

उंबरठा
आणि माझ्या 300 मीटरचं? 3-3 मीटर कापायचं म्हणजे 1.5 धरून साडेसात मीटरचा पट्टा झाला. उद्या कोणीतरी तेवढा रुंद रस्ताच मागेल.

सातबारा
मागेल काय, निविदेत 'रुंदीकरण' येईलच. म्हणून कामाच्या मोजमापात वाट मीटरमध्ये आणि गवतकापणी वेगळ्या बाबीखाली लिहा.