मदत हवी आहे: घोरपड विषारी की बिनविषारी? (तातडीचं)

रानवाट
तक्ता आज रात्री द्यायचाय. रकाने दोनच, विषारी आणि बिनविषारी. बाकी सगळे बसले, घोरपड आणि कोमोडोवर (इंडोनेशियातली राक्षसी घोरपड) गाडी अडलीये. एकीकडे लिहिलंय घोरपडींना विषग्रंथी असतात, दुसरीकडे म्हणे ही शुद्ध थाप. गूगल करा म्हणू नका, करूनच इथे आलोय. एका शब्दात सांगा.

मोरपंखी
तक्ता कुणासाठी? मुलांसाठी की साप पकडणाऱ्यांसाठी? आणि 'बाकी सगळे' म्हणजे कोण?

रानवाट
साप आणि सरडे. कुणासाठी का असेना, प्राणी तोच ना?

जुनाजाणता
बिनविषारी. लिहा आणि झोपा.

पेशीजाल
इतकं सोपं नाही हो. २००६ मध्ये संशोधक ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं की साप, घोरपडी, हेलोडर्मा (अमेरिका खंडातले विषारी सरडे) आणि इग्वाना सरड्यांचं कूळ यांचा पूर्वज एकच, आणि विषाची सुरुवात त्याच्यातच, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी झाली. या गटाला टॉक्सिकोफेरा म्हणतात. २००९ मध्ये कोमोडोच्या खालच्या जबड्यातल्या ग्रंथींवरही त्यांचा पेपर आला. तिथली प्रथिनं रक्तदाब पाडतात, रक्त गोठू देत नाहीत. दोघांना विषारीत टाका.

जुनाजाणता
ग्रंथी दिसली की विषारी? मग लाळ गाळणारा प्रत्येक जण विषारी. कोमोडोचे दात करवतीसारखे, हरणाची मांडी फाडली की रक्तस्रावानेच खेळ आटोपतो. आधी कोमोडोच्या लाळेतल्या जिवाणूंनी सावज मरतं ही कथा खपवली, आता ही विषाची.

सर्पसखा
साप चावला तर चिरा देऊ नका, करकचून पट्टी बांधू नका, विष चोखू नका. चावलेला भाग हलवू न देता थेट रुग्णालय गाठा.

रानवाट
मला कुणी चावलेलं नाहीये.

खडूफळा
जुनाजाणता यांच्याशी अर्धा सहमत. २०१४ मध्ये अजगर, बिबट्या गेको (एक पाल) वगैरेंच्या ऊती तपासल्या तेव्हा 'विषाची' म्हणून गाजलेली बरीच जनुकं इतर अवयवांतही चालू सापडली. गेको तर टॉक्सिकोफेरात येतच नाही! म्हणजे ती शरीराची रोजची कामं करणारी प्रथिनं. विष घडतं ते पुढे: जनुकाची जादा प्रत तयार होते, जुनी आपलं काम करत राहते, नवी बदलत बदलत विषग्रंथीत कामाला लागते. नागाच्या विषातलं फॉस्फोलायपेज ए२ हे स्वादुपिंडातल्या पाचक विकराचं भावंडच. आणि विष जातंही. माशांची अंडी खाणाऱ्या एका समुद्री सापाचं विष पार मवाळ झालंय, विषदंतही खुरटलेत. सावज पळतच नाही तर विष कशाला? बोला, त्याला कुठल्या रकान्यात टाकणार?

चहाटळ
अवांतर: हेलोडर्माच्या विषातल्या एका रेणूवरून मधुमेहाचं औषध एक्सेनाटाइड आलं, अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता. माझ्या मामांना साखर आहे, कुणी घेतलंय का?

मोरपंखी
मामांचा वेगळा धागा काढा. रानवाट, 'निमविषारी' असा तिसरा रकाना करा.

पेशीजाल
तो सगळ्यात फसवा रकाना. बूमस्लँग या आफ्रिकी सापाचे विषदंत मागे असतात म्हणून त्याला तशातच गणायचे. १९५७ मध्ये कार्ल श्मिट यांना त्याचं पिल्लू चावलं. इतका मोठा सर्पतज्ज्ञ, आपली लक्षणं टिपत बसला आणि दुसऱ्या दिवशी रक्तस्रावाने गेला.

रानवाट
रकाना वाढवता येत नाही. छापील साचा आहे, प्राणिसंग्रहालयाच्या माहितीफलकासाठी.

मोरपंखी
हे आधी सांगायचं ना! मग शीर्षकं बदला: 'विषाने माणसाला धोका' आणि 'विषाने धोका नाही'. हेलोडर्मा पहिल्यात, घोरपड नि कोमोडो दुसऱ्यात. कोमोडोखाली 'चाव्याने गंभीर जखम' अशी टीप टाका, नाहीतर कुणी हात घालेल.

पेशीजाल
कोमोडो दुसऱ्यात? निषेध.

रानवाट
शीर्षकं बदलली, चालतंय. आता मांजऱ्या साप (निमविषारी म्हणतात तो) कुठे टाकू तेवढं सांगा.